टोलेडोचा कॅचर

रविवार, 21 ऑगस्ट 1881. केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर. मैदानाच्या कडेला लाकडी बाकांवर माणसं खेटून बसली आहेत, त्यांत तुम्हीही आहात. बेसबॉलचा सामना आत्ताच कुठे सुरू झालाय आणि लगेच खोळंबलाय. पाहुण्या संघाचा कॅचर पहिल्याच इनिंगनंतर हात झटकत बाहेर आलाय. हात दुखावलाय, आता एकही चेंडू घेणं आपल्याच्यानं होणार नाही, असं तो सांगतोय.

क्रिकेटवर वाढलेल्या तुमच्या डोळ्यांना कॅचर म्हणजे विकेटकीपरचा भाऊ वाटेल. पण त्याच्या हातांकडे नीट पाहा. जाड गादीचा ग्लोव्ह अजून कुणी वापरत नाही. कुणी उघड्या हातांनी झेलतो, तर कुणी बोटं कापलेला पातळ चामडी मोजा चढवतो. तोंडावर तारेचा मुखवटा असतो, तोही येऊन चारच वर्षं झाली आहेत. पिचर पन्नास फुटांवरून चेंडू फेकतो आणि बॅटला न लागलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू या माणसाच्या तळव्यांवर येऊन आदळतो. हंगाम संपता संपता कॅचरची बोटं सरळ राहत नाहीत.

पाहुणा संघ क्लीव्हलंडचा, शिलाई मशीन बनवणाऱ्या व्हाइट कंपनीचा. त्यांचा खरा कॅचर बाजूला कोट-वेस्टकोट घालून उभा आहे. सकाळी हॉटेलात त्याला न्याहारी मिळालेली नाही. इथे मैदानात उतरू दिलेलं नाही, कारण यजमान एक्लिप्स क्लबच्या लोकांना काळा खेळाडू चालत नाही. त्याचं नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर. वय 24. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजचा विद्यार्थी. सोबतचे लोक त्याला फ्लीट म्हणतात.

आता तुमच्या आजूबाजूचे गोरे प्रेक्षक ओरडू लागतात. वॉकर, वॉकर. हा ओरडा कान देऊन ऐका, कारण पुढे आपण जिथे जिथे जाणार आहोत तिथे तो तुम्हाला उपयोगी पडेल. ही माणसं त्याला हाकलायला ओरडत नाहीयेत, त्याला खेळवा म्हणतायत. तेही केंटकीत, गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम सोळा वर्षं होत असताना. त्यांना चांगला सामना बघायचाय आणि चांगला कॅचर समोर रिकामा उभा आहे.

एक्लिप्सचा उपाध्यक्ष स्वतः मैदानात येऊन वॉकरला बोलावतो. तो आढेवेढे घेतो. मग कोट उतरवतो, वेस्टकोट उतरवतो, सरावाचे काही चेंडू घेतो आणि ताकदीच्या फेकी करून दाखवतो. लोक खूश होतात. तेवढ्यात एक्लिप्सचे दोन खेळाडू, जॉनी रेशियस आणि फ्रिट्झ फेफर, मैदान सोडून कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागतात. कुजबुज होते, बोलणी होतात. शेवटी क्लीव्हलंडचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू, मी उभा राहतो कॅचिंगला, म्हणतो. वॉकर कपडे चढवतो.

एवढ्या मोठ्या गर्दीला तो हवा होता आणि दोघांना नको होता. दोघांचं चाललं.

हा माणूस इथवर आला कुठून, हे बघायला फार मागे जायला नको. ओहायोतलं माउंट प्लेझंट हे क्वेकर पंथीयांचं गाव. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना तिथली घरं आसरा देत. 7 ऑक्टोबर 1856 रोजी वॉकर तिथे जन्मला. वडील पुढे डॉक्टर झाले, त्या राज्यातल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय डॉक्टरांपैकी एक, आणि धर्मोपदेशकही. आई सुईण. तो लहान असतानाच कुटुंब स्ट्यूबनव्हिलला गेलं. 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ती अर्पण केली, तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. जोतीरावांनी इतक्या लांबून ज्यांच्यावर भरवसा टाकला, त्या अमेरिकेत तो वाढत होता, आणि त्याच्या वाट्याला सुरुवातीला आलेली माणसं त्या भरवशाला पात्र होती. ओबर्लिन कॉलेजात गोऱ्यांच्या बाकावर काळी मुलं बसत आणि पुरुषांच्या वर्गात स्त्रिया शिकत. तिथल्या संघानं 1881 मध्ये मिशिगन विद्यापीठाला 9-2 असं हरवलं, तेव्हा मिशिगनवाल्यांनी या कॅचरला हेरलं. पुढच्या वर्षी तो त्यांच्याकडे कायदा शिकायला गेला आणि त्यांच्याकडून खेळला.

वकील तो झाला नाही. 1883 मध्ये टोलेडोच्या ब्लू स्टॉकिंग्ज संघानं त्याच्याशी करार केला आणि तो पगारी खेळाडू झाला. टोलेडो हे एरी सरोवराच्या काठचं ओहायोतलं औद्योगिक शहर. संघ नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये खेळणार होता.

हंगामाआधी, 14 मार्चला, लीगच्या बैठकीत पिओरियाचा प्रतिनिधी ठराव मांडतो: काळ्या खेळाडूंना या लीगमध्ये बंदी घालावी. ठरावाचा रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळतं. कडाक्याची चर्चा होते आणि ठराव बारगळतो. या बैठकीवर मी चार ओळींपेक्षा जास्त खर्च करत नाही, पण ती तुम्ही डोळ्याआड करू नका. बंदीचा प्रश्न टेबलावर आला, खुर्च्यांवर बसलेले सगळे गोरेच होते, आणि तरी तो फेटाळला गेला. जगरहाटीच अशी होती, त्या काळी दुसरं काही शक्यच नव्हतं, असं कुणी पुढे म्हणालं तर त्याला ही तारीख सांगायची.

शुक्रवार, 10 ऑगस्ट 1883. तुम्ही टोलेडोत आहात. शिकागोचा व्हाइट स्टॉकिंग्ज संघ प्रदर्शनीय सामना खेळायला आलाय. 1880, 1881 आणि 1882 अशी तीन वर्षं ओळीनं नॅशनल लीग जिंकलेला हा संघ. त्याचा कर्णधार आणि व्यवस्थापक एकच, कॅप अँसन, देशातला सगळ्यात मोठा खेळाडू. आडदांड देह, घणघणता आवाज. आयोवातल्या मार्शलटाउनचा, म्हणजे उत्तरेचा माणूस. दक्षिणेतल्या मळेवाल्यांशी त्याचा काही संबंध नाही, हे आत्ताच मनात नोंदवून ठेवा.

अँसन जाहीर करतो की काळा खेळाडू मैदानात असेल तर आमचा संघ खेळणार नाही. गंमत म्हणजे आज वॉकर खेळणारच नव्हता. त्याच्या हाताला इजा झालीय आणि टोलेडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन त्याला विश्रांती देणार होता. तेवढ्यावर भागलं असतं. मॉर्टननं गप्प राहायचं, वॉकरनं बाकावर बसायचं, अँसननं जिंकलो असं समजायचं, आणि तिकिटं काढून आलेल्यांना काही पत्ताही लागला नसता.

मॉर्टन काय करतो ते बघा. तो यादी बदलतो. कॅचिंग जमणार नसेल तर वॉकर उजव्या बाजूला आउटफील्डमध्ये उभा राहील, पण राहील. आणि अँसनला निरोप जातो: खेळायचं नसेल तर खेळू नका, गेटच्या पैशातला तुमचा वाटा मिळणार नाही.

अँसन शिव्या देतो, यापुढे असं कधीच खेळणार नाही म्हणून बजावतो आणि बॅट उचलतो. सामना दहा इनिंगपर्यंत ताणला जातो, शिकागो 7-6 असं जिंकतं. उजव्या कोपऱ्यात, दुखऱ्या हातानं, वॉकर शेवटपर्यंत उभा आहे. त्या वर्षी टोलेडो लीगचं अजिंक्यपद पटकावतं आणि वॉकर साठ सामने खेळतो. मॉर्टन फार मोठा क्रांतिकारक असावा असं मला वाटत नाही. त्याला आपल्या संघात दुसऱ्या कुणी लुडबुड केलेली खपली नाही, बहुधा एवढंच. पण तेवढं पुरलं. त्या दिवशी अँसनच्या तत्त्वाची किंमत गेटच्या एका वाट्याइतकी निघाली, आणि ती मोजायला तो तयार नव्हता.

आता 1884, आणि इथे आपल्याला थोडं जास्त थांबायचंय.

टोलेडोला बढती मिळालीय. संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये आलाय, आणि ती नॅशनल लीगच्या तोडीची लीग आहे: तिकीट पंचवीस सेंट, मैदानावर बिअर, रविवारी सामने. गुरुवार, 1 मे रोजी वॉकर या सर्वोच्च पातळीवरचा पहिला सामना खेळतो. उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून वावरणारा माणूस मेजर लीगमध्ये उतरण्याची ही पहिली वेळ. आणि सामना कुठे आहे? लुईव्हिलमध्ये. समोर कोण? तोच एक्लिप्स क्लब.

आज त्याला कोट घालून कडेला उभं राहावं लागत नाही. पण बाकांवरून आज त्याला कुणी खेळवा म्हणून हाकही मारत नाही. शिट्ट्या, हुर्यो आणि तोंडाला येईल ते. वॉकरच्या हातून चुका होतात, बॅटला एकही हिट लागत नाही, टोलेडो 5-1 हरतं. तुम्ही त्याच्या बाजूचे म्हणून आलात आणि तो आज वाईट खेळला, हे मान्य करायला जड जातं. तरी मान्य करायला हवं. पहिला असण्याचं ओझं वाहणाऱ्याला वाईट दिवसाची मुभा नसते, असं जे आपण गृहीत धरतो, तेच मुळात अन्यायाचं आहे. बाकीच्या सतरा खेळाडूंपैकी कुणाच्याही चुकीचा अर्थ त्याच्या सगळ्या जातभाईंच्या माथी मारला जाणार नव्हता.

जुलैच्या आधीचा कुठलाही एक दिवस घ्या. टोलेडोचं मैदान. तुम्ही होम प्लेटच्या मागे, वॉकरच्या खांद्यामागे उभे आहात. बॅटर येतो आणि चेंडू उंच हवा की खाली ते मागून घेतो. या काळात तसा त्याचा हक्कच आहे. पन्नास फुटांवर टोनी मुलेन. आयर्लंडमध्ये जन्मलेला, देखणा, मिशांना पीळ भरणारा, दोन्ही हातांनी चेंडू टाकू शकणारा पिचर. या हंगामात टोलेडो एकूण 46 सामने जिंकणार आहे आणि त्यांतले 36 एकटा मुलेन जिंकून देणार आहे. म्हणजे संघ त्याच्या खांद्यावर उभा आहे, आणि तो खांदा वॉकरच्या तळव्यांवर.

कॅचर खूण करतो, पिचर तसा चेंडू टाकतो, हा दोघांमधला करार. वळणारा चेंडू येणार असेल तर कॅचरचे हात एका जागी असतात आणि सरळ वेगवान येणार असेल तर दुसऱ्या. उघड्या हातांनी झेलणाऱ्याला हा फरक बोटाच्या हाडाइतका महागात पडू शकतो. वॉकर वळणाऱ्या चेंडूची खूण करतो. मुलेन पाहतो. आणि पूर्ण ताकदीनं सरळ चेंडू सोडतो.

आवाज ऐका. चामडं तळव्यावर आपटल्याचा. वॉकरनं तो धरलाय.

हे चुकून झालेलं नाही. मुलेनला काळ्या माणसाच्या खुणेवरून चेंडू टाकायचा नाहीये, म्हणून तो मनाला येईल ते टाकतो. वॉकर चेंडू हातात घेऊन चालत त्याच्यापर्यंत जातो. तुम्ही मागोमाग जा. तो आवाज चढवत नाही. मिस्टर मुलेन, असं म्हणून तो सांगतो की खुणांशिवाय मी तुमचे चेंडू घेईन, पण मी खूण केल्यावर तुम्ही भलतंच टाकणार असाल तर घेणार नाही. आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहतो.

त्यानंतर हंगामात तो मुलेनचे चेंडू काय येणार हे माहीत नसताना झेलतो. चेंडू मुलेनच्या हातातून सुटल्यावर जे काय कळायचं ते कळणार, आणि तेवढ्या क्षणात हात योग्य जागी न्यायचे. रोज, एका इनिंगमागून दुसरी इनिंग, शंभरावर चेंडू. बेसबॉलच्या इतिहासात यापेक्षा अवघड काम कुणी केलं असेल तर ते मला ठाऊक नाही. हे सगळं आपल्याला कळतं कारण मुलेननंच ते सांगितलं. 1919 मध्ये, म्हातारपणी, त्यानं वर्तमानपत्रात कबूल केलं की मला काळा माणूस आवडत नसे, मी त्याच्या खुणा पाळत नसे, आणि ज्यांच्याबरोबर मी खेळलो त्या सगळ्या कॅचरांत तो सर्वोत्तम होता. तिन्ही गोष्टी एका दमात. मी ते वाचतो तेव्हा मला मुलेनचा राग येतो आणि तो खरं बोलला म्हणून थोडा आदरही वाटतो. पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते याचं, की पस्तीस वर्षांपूर्वी एक मान हलवून खूण स्वीकारली असती तर टोलेडोनं आणखी किती सामने जिंकले असते, हा विचार त्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

जुलैमध्ये बॅटच्या कडेला लागून आलेला एक चेंडू वॉकरच्या बरगडीवर बसतो आणि हाड मोडतं. त्याच महिन्यात त्याचा धाकटा भाऊ वेल्डी पाच सामन्यांपुरता संघात येतो. संघ तळाकडे सरकतोय, पैसे संपत आलेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला मॉर्टनच्या टपालात व्हर्जिनियातल्या रिचमंडहून एक पत्र येतं. ते त्याच्या खांद्यावरून वाचून घ्या: वॉकर खेळाडूच्या कपड्यात इथल्या मैदानावर दिसला तर त्याच्यावर तुटून पडायची शपथ 75 जणांनी घेतलीय, रक्तपात टाळायचा असेल तर त्याला आणू नका. खाली चार सह्या. ही नावं खोटी असल्याचं पुढे उघड होतं, धमकी मात्र पोहोचायची तिथे पोहोचते. वॉकर तसाही जायबंदी आहे, तो रिचमंडला जात नाही. महिना संपायच्या आत टोलेडो त्याला मोकळं करतं, आणि हंगाम संपल्यावर टोलेडोचा हा संघच उरत नाही.

42 सामने, बॅटिंग सरासरी .263, म्हणजे लीगच्या सरासरीहून चांगली. मोडकी बरगडी आणि खुणेविना घेतलेले चेंडू धरून. मेजर लीगमधली त्याची कारकीर्द एवढीच.

पण तो खेळायचा थांबला असं समजू नका. क्लीव्हलंड, वॉटरबरी, आणि 1887 मध्ये न्यूअर्क. तिथे त्याच्यासमोर पिचर म्हणून जॉर्ज स्टोव्ही उभा आहे, तोही कृष्णवर्णीय, डावखुरा, आणि त्या वर्षी तो न्यूअर्कला तीसहून जास्त सामने जिंकून देणार आहे. व्यावसायिक लीगमध्ये काळ्या पिचर-कॅचरची ही पहिली जोडी. आता दोघांमधल्या खुणा पाळल्या जातायत. त्याच इंटरनॅशनल लीगमध्ये बफेलोकडे फ्रँक ग्रँट आहे, त्या संघाचा भरवशाचा सेकंड बेसमन आणि फलंदाज. बिंगहॅम्टनकडे बड फाउलर आहे, जो 1878 पासून गावोगावी पगारावर खेळत आलाय. 1887 च्या वसंतात तुम्ही या लीगच्या गावांतून फिरलात तर तुम्हाला वाटेल की दार उघडलंय आणि आता ते बंद व्हायचं नाही.

गुरुवार, 14 जुलै 1887. तुम्ही काळात फिरताय, त्यामुळे आज तुम्हाला दोन ठिकाणी हजर राहता येईल.

न्यूअर्कमध्ये अँसनचा शिकागो संघ प्रदर्शनीय सामन्याला आलाय. चार वर्षांनंतर तीच अट. पण इथे मॉर्टन नाही. स्टोव्ही पिचिंग करणार असं जाहीर झालेलं असताना तो खेळत नाही. तब्येत बरी नाही असं सांगितलं जातं. वॉकरही खेळत नाही. सामना सुरळीत पार पडतो. गेटचे पैसे वाटले जातात. कुणी कुणावर ओरडत नाही, म्हणून हा दिवस टोलेडोतल्या त्या दिवसापेक्षा मला जास्त भयानक वाटतो.

आणि बफेलोत, एका खोलीत, इंटरनॅशनल लीगच्या दहा क्लबांचे प्रतिनिधी बसलेत. तक्रार अशी की काळे खेळाडू वाढले तर चांगले गोरे खेळाडू लीग सोडून जातील. बिंगहॅम्टनमध्ये गोऱ्या सहकाऱ्यांनी फाउलरबरोबर खेळायला आधीच नकार दिलाय. ठराव असा: काळ्या खेळाडूंचे यापुढचे करार मंजूर करू नयेत. जे आहेत ते तूर्त राहतील. मतं मोजली जातात. सहा विरुद्ध चार. ज्यांच्या संघांत काळे खेळाडू होते ते चौघे एका बाजूला, ज्यांच्याकडे आता एकही नव्हता ते सहा दुसऱ्या.

त्या सहांना निरखून पाहा, कारण इतिहासाची पुस्तकं बहुतेक वेळा अँसनकडे बोट दाखवून मोकळी होतात. अँसन मोठा होता, उर्मट होता, आणि त्यानं केलं ते केलं. पण बफेलोच्या या खोलीत तो नव्हता. ही लीग न्यूयॉर्क राज्यातली, न्यू जर्सीतली, अगदी कॅनडातल्या टोरंटो-हॅमिल्टनपर्यंत पसरलेली. इथे कुणी मळेवाला नाही, कुणी रिचमंडचं पत्र पाठवलेलं नाही. हे धंदेवाले आहेत. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर निकाल उलटा लागला असता. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बैठकीत असाच ठराव पडला होता. म्हणजे काय व्हायला हवं आणि काय होऊ शकतं, हे या माणसांना ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला तो ठाऊक असताना.

मेजर लीगांनी असा ठराव कागदावर कधी केलाच नाही. त्यांना गरज पडली नाही. सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य केलेल्या नियमाविरुद्ध दाद कुठे मागायची? वेल्डी वॉकरनं मागून पाहिली. 1888 च्या मार्चमध्ये ‘स्पोर्टिंग लाइफ’ साप्ताहिकात त्यानं ट्राय-स्टेट लीगच्या अध्यक्षांना उद्देशून पत्र छापून आणलं. त्याचा मुद्दा असा की खेळाडूला अडवायचं असेल तर त्याच्या वागणुकीवरून, अकलेवरून किंवा खेळावरून अडवा, रंगावरून कसलं अडवता? पत्रात रडगाणं नाही. एखादा नागरिक नगरपालिकेला सुनावतो तसा सूर आहे. उत्तर आलं नाही म्हणण्यापेक्षा, जे चाललं होतं तेच उत्तर होतं.

फ्लीटला सिरॅक्यूजच्या स्टार्स संघानं घेतलं. ‘जे आहेत ते राहतील’ या फटीतून तो अजून आत होता. 1888 मध्ये सिरॅक्यूजनं लीगचं अजिंक्यपद मिळवलं. त्या शहरात त्याचं बस्तान बसलं होतं, लोक त्याला ओळखत होते. सप्टेंबरमध्ये शिकागोचा संघ तिथेही आला आणि पुन्हा वॉकर बाकावर. 1889 च्या ऑगस्टमध्ये सिरॅक्यूजनं त्याला सोडलं. वय 32, हात कामातून गेलेले. त्या लीगमध्ये आता एकही काळा खेळाडू उरला नाही.

पुढची पस्तीस वर्षं आपण भरभर पार करू. 1891 च्या एप्रिलमध्ये सिरॅक्यूजच्या रस्त्यावर काही गोऱ्यांशी बाचाबाची होते, वॉकरच्या चाकूनं एक जण मरतो. खुनाचा खटला उभा राहतो. जून महिन्यात कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर बसा. बाराही ज्यूरी गोरे. ते त्याला निर्दोष ठरवतात आणि कोर्टात जल्लोष होतो. त्याच वर्षी तो तोफगोळ्याच्या एका रचनेचं पेटंट घेतो. मग रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी, टपालातले पैसे चोरल्याच्या गुन्ह्यात 1898 मध्ये एक वर्षाची कैद. मग ओहायोतल्या केडिझ गावचं ऑपेरा हाउस तो चालवायला घेतो. तिथे नाटकं होतात, गाण्याचे जलसे होतात, पुढे सिनेमे लागतात. सिनेमाच्या रिळांची कटकट कमी व्हावी म्हणून तो त्यातही डोकं घालतो आणि 1920 मध्ये पेटंटं मिळवतो. कारागिराचं डोकं आणि सुशिक्षिताची जीभ, दोन्ही त्याच्याकडे होती.

या काळातला एकच मुक्काम लांबवतो. 1908. त्याची 47 पानांची पुस्तिका छापून आलीय, ‘अवर होम कॉलनी’, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा भूत, वर्तमान आणि भविष्य यांबद्दल. तुम्ही ती उघडता. वाटतं की बेसबॉलबद्दल काही असेल, लुईव्हिलबद्दल, मुलेनबद्दल. तो त्या वाटेला जात नाही. तो गुलामगिरीचा इतिहास मांडतो, यादवी युद्धानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडतो, आणि निष्कर्ष काढतो की या देशात काळ्या आणि गोऱ्यांचं एकत्र नांदणं शक्य नाही, तेव्हा काळ्यांनी आफ्रिकेत परत जावं.

ओबर्लिनच्या वर्गात गोऱ्या मुलांशेजारी बसलेला, गोऱ्या प्रेक्षकांनी नावानं हाक मारलेला, गोऱ्या ज्यूरीनं सोडलेला माणूस हे लिहितोय. मला त्याचा निष्कर्ष पटत नाही. आपल्या जन्मगावावरचा हक्क सोडायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. पण त्याच्याशी वाद घालायला तुमच्याकडे काय आहे? तुम्ही म्हणाल, 1883 चा मॉर्टन होता की. तो म्हणेल, होता, एक. तुम्ही म्हणाल, चार मतं तुझ्या बाजूनं पडली होती. तो म्हणेल, सहा विरुद्ध पडली. त्याची सगळी उमेद अशा मोजणीत गेली होती, आणि प्रत्येक वेळी विरोधात जाणाऱ्या माणसांना काही गमवावं लागलं नव्हतं.

11 मे 1924 रोजी तो क्लीव्हलंडमध्ये गेला. स्ट्यूबनव्हिलच्या दफनभूमीत त्याच्या जागेवर नावाचा दगड नव्हता. तो बसवला गेला 1990 मध्ये, आणि तोही ओबर्लिनच्या लोकांनी पुढाकार घेतला म्हणून.

आता शेवटची उडी. 18 एप्रिल 1946, जर्सी सिटीचं रूझवेल्ट स्टेडियम. माँट्रियल रॉयल्सकडून जॅकी रॉबिन्सन उतरतोय. मेजर लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीनं आदल्या वर्षी त्याला करारबद्ध केलं, इतर मालकांना न विचारता. लीग तीच, इंटरनॅशनल लीग. रॉबिन्सन पाच वेळा बॅटिंगला येतो, चार हिट मारतो, त्यांत एक होमरन, आणि माँट्रियल 14-1 जिंकतं. या लीगमध्ये त्याच्याआधीचा कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे 1889 चा सिरॅक्यूजचा कॅचर. नियम बदलायला कुठली घटनादुरुस्ती लागली नाही. एका क्लबच्या एका माणसानं ठरवलं, मॉर्टननं ठरवलं होतं तसं. हे 1890 मध्ये होऊ शकलं असतं, 1905 मध्ये, 1930 मध्ये. मध्ये 57 वर्षं गेली, आणि ती कुणाची गेली हेही बघायला हवं.

त्या एप्रिलमध्ये होमस्टेड ग्रेज या काळ्यांच्या संघाकडे जॉश गिब्सन नावाचा कॅचर होता. वय 34. त्याचे फटके पाहिलेली माणसं बेब रूथशी त्याची तुलना करत. मेजर लीगच्या एकाही क्लबनं त्याला करारबद्ध केलं नाही. तो 20 जानेवारी 1947 रोजी मेला. रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला तो त्याच वर्षी 15 एप्रिलला.